अणुभट्टीच्या दाबपात्राचे पोलाद, त्याची रासायनिक रचना आणि न्यूट्रॉनमुळे येणारा ठिसूळपणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातुशास्त्राचे विद्यार्थी, वेल्डिंगच्या कामातली मंडळी आणि अणुऊर्जेविषयी कुतूहल असलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली असून अपवादांचे प्रश्न शेवटी घेतले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. रचनेचे सर्व टक्के वजनाचे आहेत.

१. दाबपात्र म्हणजे नेमके काय? अणुभट्टीचे इतके भाग असताना त्याच्याच पोलादाची एवढी चर्चा का होते?

साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्टीत इंधनाचा गाभा ज्या जाड पोलादी पात्रात असतो, त्याला दाबपात्र म्हणतात. दाबाखालच्या पाण्याच्या मोठ्या अणुभट्टीत त्याची भिंत साधारण २० ते २५ सेंटिमीटर जाड असते, आतल्या पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट असतो आणि भिंतीचे तापमान २९० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. पंप बदलता येतात, बाष्पजनित्रे बदलता येतात, पात्राचे झाकणही बदलता येते आणि ते अनेक ठिकाणी बदललेले आहे. पात्र मात्र बदलले जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इतर बहुतेक बिघाडांसाठी पर्यायी यंत्रणा असतात, पण हे पात्रच फुटले तर गाभा पाण्याखाली ठेवण्याची खात्रीची सोय उरत नाही. म्हणून ते फुटणारच नाही याची हमी पोलादाकडून मिळवावी लागते.

२. न्यूट्रॉन आदळल्याने घट्ट पोलादाचे काय बिघडणार?

लोखंडाचा अणू त्याच्या जागेवरून हुसकायला सरासरी ४० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन समोरासमोर आदळला, तर तो लोखंडाच्या अणूला जवळजवळ ७०,००० इलेक्ट्रॉन व्होल्ट देऊ शकतो. तो अणू मग शेजारच्यांना ढकलत जातो आणि एका टकरीत शेकडो अणू जागा सोडतात. त्यातले बहुतेक सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत कुठल्या ना कुठल्या रिकाम्या जागेत परत बसतात, पण सगळे बसत नाहीत. मागे रिक्तिका, म्हणजे अणू निघून गेलेल्या रिकाम्या जागा, उरतात आणि अणूंच्या नियमित मांडणीत, म्हणजे जाळीत, उपरे अडकलेले अणू उरतात.

यातून दोन गोष्टी घडतात. पहिली अशी की या दोषांचे लहान पुंजके पोलाद वाकताना आतल्या थरांच्या सरकण्याला अडथळा करतात, त्यामुळे पोलाद कठीण होते. दुसरी गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. रिक्तिका वाढल्या की जाळीत विरघळलेल्या परक्या अणूंना हलायला जागा मिळते. २९० अंशांना एरवी जवळजवळ खिळून बसलेले तांब्याचे अणू काही वर्षांत एकमेकांना शोधून गोळा होतात. न्यूट्रॉनांचा मारा सारखाच असलेली दोन पोलादे कमीजास्त बिघडतात ती यामुळेच, कारण मोकळ्या झालेल्या वाटेने कोणते अणू चालणार हे त्या पोलादाच्या रचनेवर अवलंबून असते.

३. पोलाद ठिसूळ झाले हे मोजतात कसे?

मुख्य चाचणी शार्पी चाचणी. १० मिलिमीटर चौरस छेदाचा, ५५ मिलिमीटर लांबीचा आणि मधोमध २ मिलिमीटर खोल खाच असलेला तुकडा ठरावीक तापमानाला आणून लंबकाने एका घावात तोडतात आणि तोडायला किती ऊर्जा लागली ते मोजतात. तुटलेले तुकडे हातात घेऊन पाहिले तरी पुष्कळ कळते. चिवट पोलादाचा भंगपृष्ठ राखाडी, तंतुमय असतो आणि त्याच्या कडा ओढल्या गेलेल्या असतात. ठिसूळ तुटलेला तुकडा सपाट असतो आणि उजेडात धरला की खडीसाखरेसारखा चमचमतो. हेच पोलाद गरम असताना पहिल्या तऱ्हेने आणि थंड असताना दुसऱ्या तऱ्हेने तुटते. ज्या तापमानाला ४१ जूल ऊर्जा लागते ते संक्रमण तापमान मानण्याची पद्धत आहे. नव्या चांगल्या पोलादात ते शून्याच्या बरेच खाली असते. न्यूट्रॉन खाऊन ते वर सरकते आणि वाईट रचनेच्या वेल्डमध्ये ही वाढ १०० अंशांच्याही पुढे जाऊ शकते. याशिवाय गरम अवस्थेतली चिवटपणाची वरची पातळीही घसरते. अमेरिकी नियमांत ती ६८ जुलांखाली गेली तर वेगळे विश्लेषण सादर करावे लागते.

चालू अणुभट्टी २९० अंशांवर असते, मग संक्रमण तापमान १०० अंश झाले तरी काय बिघडले, असे काहीजण विचारतात. धोका आणीबाणीच्या थंड पाण्याचा आहे. पात्रावर दाब कायम असताना भिंत आतून एकदम थंड झाली, तर नेमक्या वाईट क्षणी पोलाद ठिसूळ टापूत येते. १९७८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या रँचो सेको केंद्रात नियंत्रणकक्षातला दिवा बदलताना तो पॅनलमध्ये पडला, शॉर्टसर्किट झाले, उपकरणांची चुकीची माहिती मिळू लागली आणि अणुभट्टी अतिशय वेगाने थंड झाली. पात्र तेव्हा नवे होते, म्हणून निभावले. अशा प्रसंगांसाठी अमेरिकेने १९८५ मध्ये खास नियम केला. त्यात उभे वेल्ड, प्लेट आणि घडीव भाग यांच्या संक्रमण तापमानाला १३२ अंश आणि आडव्या गोल वेल्डला १४९ अंश सेल्सिअस अशी तपासणीची मर्यादा आहे.

४. ०.३ टक्के तांबे म्हणजे काहीच नाही. तेवढ्याने इतका फरक कसा पडतो?

०.३ टक्के म्हणजे एक टन पोलादात तीन किलो तांबे. डोळ्याला हे थोडे वाटते, पण प्रश्न किती तांबे आहे एवढाच नसून लोखंड त्यातले किती धरून ठेवू शकते हा आहे. वेल्डिंगनंतर ताण घालवण्यासाठी पात्र ६०० अंशांच्या थोडे वर तासन्‌तास तापवतात. त्या तापमानाला लोखंडात पाव टक्क्याच्या आसपास तांबे विरघळून राहते. २९० अंशांना लोखंडाची ही क्षमता नगण्य होते. म्हणजे थंड झालेल्या पात्रात जवळजवळ सगळे तांबे हक्काशिवाय बसलेले असते आणि केवळ हलता येत नाही म्हणून जागेवर असते. न्यूट्रॉन त्याला हलण्याची सोय करून देतात.

गोळा झालेल्या तांब्याचे कण २ ते ३ नॅनोमीटरचे असतात, म्हणजे एकेका कणात काही शेकडा ते हजारभर अणू. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते दिसत नाहीत. त्यांचा खरा उलगडा पोलादाच्या सुईसारख्या टोकावरचा अणू न्‌ अणू सोडवून मोजणाऱ्या उपकरणांनी केला. कण बारीक असले तरी संख्येने अफाट असतात आणि थरांच्या सरकण्याला त्यांचा अडथळा फार मोठा असतो. वजनाने तेवढेच तांबे मोठ्या, विरळ कणांत असते तर त्रास कितीतरी कमी झाला असता. प्रश्न १२ मधला उपाय याच गोष्टीवर उभा आहे.

तांब्याच्या परिणामाला दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. साधारण ०.०५ ते ०.०७ टक्क्यांखाली त्याचे कण जवळजवळ बनत नाहीत. वरच्या बाजूला पाव ते ०.३ टक्क्यांपलीकडचे जादा तांबे ताण घालवतानाच जाड कणांत बाहेर पडलेले असते, त्यामुळे त्याने नुकसान फारसे वाढत नाही. शिवाय विरघळलेले तांबे संपले की या कणांमुळे होणारी वाढही थांबते.

५. हे तांबे पोलादात घातलेच कशाला?

कोणी मुद्दाम घातले नाही. थोडे भंगारातून आले, कारण भंगार वितळवताना त्यातली विजेची तार आणि मोटारींचे भाग वेगळे निघत नाहीत, आणि पोलाद शुद्ध करण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत तांबे जळून जात नाही. मोठा वाटा मात्र वेल्डिंगच्या तारेचा होता. तार गंजू नये आणि तिच्यात वीज नीट उतरावी म्हणून तिच्यावर तांब्याचा मुलामा देत. आजही वर्कशॉपमध्ये तारेचे नवे रीळ उघडले की तो लालसर चकाकता थर दिसतो, आणि साध्या कामांसाठी त्यात काहीच गैर नाही. दाबपात्राच्या जोडात मात्र तार वितळली की तिच्यावरचा मुलामाही जोडाच्या पोटात जातो. मुलाम्याची जाडी प्रत्येक रिळाला वेगळी असे, त्यामुळे एकाच जोडात रीळ बदलले त्या जागी तांब्याचे प्रमाणही बदललेले सापडते.

हे करणाऱ्यांना दोष देणे बरोबर नाही. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या कामातून तांब्याचा हा परिणाम स्पष्ट झाला, तोवर अनेक पात्रे बनून गेली होती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलाम्याची तार बंद होऊन तांब्यावर मर्यादा आली. म्हणून एखाद्या पात्राविषयी विचार करताना ते कधी घडवले, हा पहिला प्रश्न विचारावा.

६. निकेलनेही ठिसूळपणा वाढतो म्हणतात. मग ते मुद्दाम का घालतात?

कारण निकेलशिवाय इतकी जाड भिंत मुळात चिवट होत नाही. २० सेंटिमीटर जाडीचे पोलाद पाण्यात विझवले तरी मधला भाग हळूहळूच थंड होतो. निकेल, मँगॅनीज आणि मॉलिब्डेनम यांच्यामुळे त्या मध्यभागीही हवी तशी बारीक रचना मिळते. दाबपात्रांसाठीच्या अमेरिकी ए५३३ बी या पोलादाच्या प्लेटमध्ये ०.४ ते ०.७ टक्के आणि ए५०८ वर्ग ३ या पोलादाच्या घडीव भागांत ०.४ ते १ टक्का निकेल असते. रशियन बनावटीच्या १,००० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांचे पोलाद १ ते १.५ टक्क्यांपर्यंत जाते आणि त्यांच्या काही वेल्डमध्ये निकेल त्याहूनही जास्त आहे. निकेलचा दुष्परिणाम एकट्याने कमी आणि जोडीने जास्त असतो. तांब्याच्या कणांभोवती निकेल, मँगॅनीज आणि सिलिकॉन जमून ते कण फुगतात, म्हणून तांबे व निकेल दोन्ही जास्त असलेला वेल्ड सर्वांत वाईट वागतो. सुरुवातीचा चिवटपणा आणि पुढची घसरण यांची ही देवाणघेवाण आहे. माझ्या मते मध्यम निकेल आणि अत्यल्प तांबे हाच तिचा शहाणा तोडगा आहे.

७. तांबे काढून टाकले म्हणजे प्रश्न सुटला ना?

बराचसा सुटला, पूर्ण नाही. तांबे जवळजवळ नसले तरी निकेल, मँगॅनीज आणि सिलिकॉन स्वतःच एकत्र येऊन कण बनवू शकतात. त्यांची सुरुवात सावकाश होते, पण हे घटक पोलादात तांब्याच्या कितीतरी पट असल्यामुळे एकदा कण बनू लागले की शेवटी त्यांचे आकारमान तांब्याच्या कणांना मागे टाकू शकते. १९९० च्या दशकात अशा उशिरा उमलणाऱ्या कणांचे भाकीत झाले, तेव्हा प्रत्यक्ष पुरावा तुटपुंजा होता. पुढे स्वीडनमधल्या रिंगहाल्स ३ आणि ४ या अणुभट्ट्यांच्या वेल्डमध्ये हे चित्र स्पष्ट दिसले. तिथे तांबे ०.१ टक्क्याहून कमी आहे, पण निकेल सुमारे १.६ टक्के आणि मँगॅनीज १.४ टक्क्यांच्या जवळपास आहे. त्या पोलादाचे संक्रमण तापमान तांब्यावर बेतलेल्या समजुतीनुसार थांबायला हवे होते तिथे थांबले नाही. ६० वा ८० वर्षे चालवण्याचा विचार होत असलेल्या पात्रांसाठी मला हा सर्वांत जागरूकतेने पाहण्याचा मुद्दा वाटतो.

८. फॉस्फरसचे काय?

फॉस्फरसची तऱ्हा वेगळी आहे. तो थोडा जाळीत राहून पोलाद कठीण करतो आणि थोडा स्फटिककणांच्या सीमांवर जाऊन त्यांची पकड सैल करतो. तेव्हा भेग कणांच्या मधून न जाता सीमांच्या कडेने धावते. अशा भंगात पोलाद कठीण न होताही ठिसूळ होते, त्यामुळे केवळ कठीणपणा मोजून तो कळत नाही. मॉलिब्डेनम आणि कार्बन सीमांवरचा हा परिणाम काहीसा आवरतात. जुन्या रशियन बनावटीच्या ४४० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत क्रोमियम, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियमचे पोलाद वापरले असून त्यात निकेल अल्प आहे. तिथला कळीचा भाग म्हणजे गाभ्याच्या पातळीवरचा गोल वेल्ड, आणि त्यातला फॉस्फरस हाच मुख्य गुन्हेगार ठरला. त्या पात्रांची भिंत तुलनेने गाभ्याच्या जवळ असल्यामुळे न्यूट्रॉनांचा माराही जास्त होता.

९. कार्बन, सिलिकॉन, गंधक यांचा काही वाटा?

न्यूट्रॉनमुळे होणाऱ्या वाढीत कार्बन आणि गंधक यांचा वाटा कमी आहे. गंधकामुळे मँगॅनीज सल्फाइडच्या रेषा बनतात आणि चिवटपणाची वरची पातळी सुरुवातीपासूनच खाली राहते. सिलिकॉनचा वाटा प्रश्न ७ मध्ये आला आहे. कार्बनच्या एका विशेष प्रकरणासाठी प्रश्न १४ पाहावा.

१०. रचना माहीत असली तर किती वर्षांनी पोलाद किती ठिसूळ होईल, हे आधीच काढता येते का?

अंदाज काढता येतो. सर्वांत परिचित पद्धत अमेरिकी नियामकांच्या मार्गदर्शिका १.९९ ची १९८८ ची दुसरी आवृत्ती. तीत तांबे आणि निकेल यांच्या टक्क्यांवरून एक रसायन गुणांक मिळतो. वेल्डसाठी तक्ता वेगळा आणि मूळ धातूसाठी, म्हणजे प्लेट व घडीव भागांसाठी, वेगळा. भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर वेगवान न्यूट्रॉनांची एकूण संख्या १ वर १९ शून्ये इतकी झाली, की संक्रमण तापमानातली वाढ बरोबर त्या गुणांकाएवढी धरतात. मारा त्याच्या दुप्पट झाला तर वाढ दुप्पट होत नाही, सुमारे १९ टक्क्यांनी जास्त होते. चौपट झाला तर सुमारे ३६ टक्क्यांनी. यावरून रचनेचे वजन लक्षात येते. मारा निम्मा करण्यासाठी केलेल्या खटाटोपाने जे मिळते, त्याहून पुष्कळ जास्त तांबे ०.३ वरून ०.०५ टक्क्यांवर आणल्याने मिळते. आलेल्या वाढीत मूळ संक्रमण तापमान आणि सुरक्षिततेसाठी ठेवलेला जादा फरक मिळवून अंतिम आकडा ठरतो.

या सूत्रांचा इतिहास बोलका आहे. पहिल्या आवृत्तीत तांबे आणि फॉस्फरस होते. दुसरीत फॉस्फरस गेला आणि निकेल आले. अमेरिकी मानक ई९०० च्या २०१५ च्या रूपात तांबे, निकेल, मँगॅनीज आणि फॉस्फरस हे चारही आहेत, शिवाय तापमान आणि भाग प्लेट आहे, घडीव आहे की वेल्ड, हेही आहे.

११. जुन्या वेल्डची रचना कागदोपत्री सापडलीच नाही तर काय करतात?

सर्वांत वाईट धरून चालतात. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत, माहिती नसेल तर ०.३५ टक्के तांबे आणि १ टक्का निकेल गृहीत धरण्याची सूचना आहे. एक हरवलेला कागद किती महाग पडू शकतो, हे त्यावरून समजावे. मॅसॅच्युसेट्समधल्या यांकी रो या जुन्या केंद्रात वेल्डची नेमकी रचना माहीत नव्हती, शिवाय ते पात्र इतरांपेक्षा कमी तापमानाला, २६० अंशांच्या आसपास चालत असे, आणि याचा परिणाम वाईट होतो (प्रश्न १३). ठिसूळपणाविषयीची अनिश्चितता दूर होईना, तेव्हा १९९१ मध्ये ते थांबवले आणि १९९२ मध्ये कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला.

दुसरा मार्ग म्हणजे त्याच तारेच्या त्याच लॉटने बनलेला दुसरा वेल्ड शोधणे. तो एखाद्या न वापरलेल्या पात्रात किंवा राखून ठेवलेल्या नमुन्यात सापडतो. तिसरा मार्ग पात्राच्याच भिंतीतून होडीच्या आकाराचा छोटा तुकडा खरवडून काढण्याचा. काही जुन्या रशियन बनावटीच्या पात्रांत तो वापरला गेला. एका तुकड्याची रचना म्हणजे संपूर्ण जोडाची रचना नव्हे, हे प्रश्न ५ मधल्या रिळांच्या कारणाने विसरता येत नाही.

१२. तापवून पोलाद पुन्हा चांगले करता येते का?

हो, आणि ते प्रत्यक्षात झाले आहे. इंधन आणि आतले भाग काढून, कोरड्या पात्रात तापक उतरवून गाभ्यालगतचा पट्टा ४३० ते ४७५ अंशांवर १०० ते १५० तास ठेवतात. रशियातल्या नोवोवोरोनेझच्या तिसऱ्या अणुभट्टीवर १९८७ मध्ये आणि फिनलंडमधल्या लोविसा १ वर १९९६ मध्ये हे केले गेले. या तापमानाला न्यूट्रॉनांनी केलेले पुंजके विरतात आणि तांब्याचे असंख्य बारीक कण मोडून थोडे, मोठे कण बनतात. मोठ्या कणांत अडकलेले तांबे पुन्हा सहज विरघळत नाही, त्यामुळे दुसऱ्या खेपेला ठिसूळपणा सहसा हळू येतो.

यातही रचना आडवी येते. सीमांवर गेलेला फॉस्फरस या उपचाराने पूर्ण परतत नाही. निकेल जास्त असलेल्या १,००० मेगावॉटच्या पात्रांना ४७५ अंश पुरत नाहीत. त्यांच्यासाठी ५६५ अंशांचा उपचार विकसित करावा लागला. तापमान कमी ठेवून काम भागत नाही, हेही अनुभवाने कळले आहे: बेल्जियममधल्या बीआर३ या छोट्या अणुभट्टीवर १९८४ मध्ये पाणी भरलेले ठेवूनच ३४३ अंशांना उपचार केला, तेव्हा चिवटपणा अंशतःच परत आला.

१३. तापमान कमी ठेवले तर पोलादाला त्रास कमी होईल, असे नाही का?

उलट आहे. गरम पोलादात उडालेले अणू आणि रिक्तिका एकमेकांना लवकर भेटून नाहीशा होतात. थंड पोलादात ते दोष साचतात. मार्गदर्शिका १.९९ चे सूत्र साधारण २७४ ते ३१० अंशांसाठीच आहे आणि त्याखाली चालणाऱ्या पात्रासाठी जास्त ठिसूळपणा धरावा लागतो. ढोबळ हिशेब असा की तापमान एक अंश कमी तर संक्रमण तापमान एक अंश जास्त.

अगदी कमी तापमानाला मात्र रचनेचे महत्त्व घटते, कारण तांब्याच्या अणूंना गोळा होण्याइतकी हालचाल उरत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या, न्यूट्रॉनांच्या उच्च प्रवाहाच्या संशोधन अणुभट्टीचे पात्र सुमारे ५० अंशांना चालते. १९८६ मध्ये ते अपेक्षेपेक्षा वेगाने ठिसूळ होत असल्याचे दिसले, तेव्हा तांबे, निकेल अशा रासायनिक कारणांवर बराच विचार झाला. शेवटी उत्तर निघाले ते गॅमा किरणांच्या माऱ्याचे, जो तिथे न्यूट्रॉनांच्या मानाने विलक्षण जास्त होता. रचनेवर बोट ठेवण्याआधी माऱ्याचा हिशेब पुरा आहे ना, हे तपासायला हवे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

१४. कारखान्याच्या दाखल्यावर रचना निर्दोष आहे. तरीही पोलादात दोष असू शकतो का?

असू शकतो, कारण दाखला एका नमुन्याचा असतो आणि शेकडो टनांचा ओतीव पिंड सगळीकडे सारखा नसतो. पिंड गोठताना कार्बन, फॉस्फरससारखे घटक शेवटी गोठणाऱ्या भागात जमतात. फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिल ३ च्या पात्राच्या झाकणात आणि तळात कार्बन ०.२२ टक्क्यांच्या मर्यादेऐवजी ०.३० टक्क्यांपर्यंत असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. ते भाग गाभ्यापासून दूर असल्याने प्रश्न न्यूट्रॉनांचा नव्हता, मूळ चिवटपणाचा होता. बेल्जियममधल्या डूल ३ मध्ये २०१२ साली घडीव कड्यांत पृष्ठभागाला जवळजवळ समांतर अशा हजारो बारीक चिरा सापडल्या. त्यांचे कारण पोलाद घडवताना आत राहिलेला हायड्रोजन होते, जो रचनेच्या नेहमीच्या यादीत नसतोच.

१५. पोलादातल्या कोबाल्टमुळेही पात्र ठिसूळ होते का?

नाही. कोबाल्ट न्यूट्रॉन शोषून कोबाल्ट ६० बनतो. त्याचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. त्याने पात्र किरणोत्सारी होते आणि देखभाल व विघटनाच्या वेळी कामगारांना त्याचा उपद्रव होतो. किरणोत्सारी होणे आणि ठिसूळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१६. संपूर्ण पात्र स्टेनलेस पोलादाचे का करत नाहीत? त्यात तर असे संक्रमण तापमान नसते.

पात्राला आतून काही मिलिमीटर जाडीचा स्टेनलेसचा थर असतोच, पण तो गंजापासून बचावासाठी. संपूर्ण भिंत त्याची केली तर त्याची ताकद कमी पडते, म्हणून जाडी आणखी वाढवावी लागेल. शिवाय ते उष्णता कमी वाहते आणि तापल्यावर जास्त प्रसरण पावते, त्यामुळे जाड भिंतीत उष्णतेचे ताण फार येतील.

१७. पात्रात ठेवलेल्या नमुन्यांचा निकाल सूत्राच्या आकड्याशी जुळला नाही तर कशावर विश्वास ठेवायचा?

पात्राच्याच प्लेटचे आणि वेल्डचे शार्पी तुकडे डब्यांत भरून गाभा आणि भिंत यांच्यामध्ये टांगून ठेवतात. ते गाभ्याच्या जवळ असल्याने भिंतीपेक्षा आधी मारा खातात आणि पुढची काही वर्षे आज दाखवतात. सूत्र अनेक पात्रांच्या सरासरीवर बसवलेले असते. हे तुकडे त्याच पात्राचे असतात. म्हणून मार्गदर्शिका १.९९ मध्ये अशा विश्वासार्ह निकालांचे किमान दोन संच असतील तर तक्त्यातला रसायन गुणांक सोडून त्या निकालांवरून काढलेला गुणांक वापरता येतो. विश्वासार्ह म्हणजे निकालांची विखुरण वेल्डसाठी साधारण १६ आणि मूळ धातूसाठी साधारण ९ अंश सेल्सिअसच्या आत असायला हवी आणि नमुना खरोखर पात्रातल्या सर्वांत कमकुवत भागाचा असायला हवा. ही शेवटची अट अनेकदा अडचणीची ठरते. पात्र घडवताना ज्या वेल्डला निरुपद्रवी समजून त्याचे तुकडे ठेवले नाहीत, तोच पुढे तांब्यामुळे निर्णायक ठरल्याची उदाहरणे आहेत. तिथे डब्यातला चांगला निकाल दुसऱ्याच धातूविषयी बोलत असतो, आणि तेव्हा सूत्राचा जास्त आकडाच पाळावा लागतो.